सावरणारीलाच हलवा

यामिनी भारंबेचा दिवस मोडायला फार मोठं काही लागायचं नाही. गॅसवाला सकाळऐवजी दुपारी येतो म्हणाला, मैत्रिणीने ऐन वेळी सिनेमा उद्यावर ढकलला, प्रयोगशाळेतली वीज न सांगता गेली, की झालं. बाकीचे लोक "बरं, तोवर दुसरं काहीतरी उरकून घेऊ" म्हणत उठायचे. यामिनी पलंगाच्या कडेवर बसून राहायची, एक मोजा पायात आणि एक हातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, बाई निवांत बसलीय. आत मात्र रागाचा आणि रडण्याचा असा काही कल्लोळ चालायचा की दुसरा मोजा पायात घालायचा असतो हेसुद्धा तिला सुचायचं नाही. कधी तास जायचा, कधी अख्खा दिवस.

तिच्या वडिलांना, पुंडलिकआप्पांना, हे कधी कळलंच नाही. आप्पांची सगळी नोकरी एसटीत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं भुसावळच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी रद्द झाल्याची घोषणा करायची आणि खिडकीशी येणारी बोलणी ऐकून घ्यायची, हेच त्यांचं काम.

"अगं, गाडी नाही आली तर माणूस पुढच्या गाडीत बसतो," ते म्हणायचे. "त्यात रडण्यासारखं काय आहे?"

चुलतभावाच्या लग्नात तर फारच झालं. ऐन सकाळी हॉल बदलला, जेवण आधी आणि लग्न नंतर असं काहीतरी ठरलं, आणि यामिनी गाडीतून उतरलीच नाही. काचा वर करून दुपारपर्यंत आत बसून राहिली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. आप्पांनी पाहुण्यांना सांगितलं, पोरीला ताप आलाय. घरी आल्यावर ते तिच्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. आई तेव्हा होती, ती मधे पडली. पुढे आई गेली आणि जळगावच्या त्या तीन खोल्यांत दोघंच उरली. एकाचा दिवस घड्याळावर चालायचा आणि एकीचा दिवस केव्हा मोडेल याचा नेम नसायचा.

एडीएचडी हा शब्द तिला एकतिसाव्या वर्षी मिळाला. डॉक्टर निलोफर अत्तार या मनोविकारतज्ज्ञ. बोलायला सडेतोड, आणि समोरच्याला चहा दिल्याशिवाय निदान न सांगणाऱ्या.

"तू आळशी नाहीस," त्या म्हणाल्या. "बेशिस्तही नाहीस. इतरांच्या डोक्यात दिवसाचा बेत आपोआप तयार होतो आणि मोडला तर आपोआप दुसरा जुळतो. तुला तो दर वेळी हाताने बांधावा लागतो. आधी काय, मग काय, कुठे किती वेळ. त्यात तुझी सकाळची निम्मी ताकद खर्च झालेली असते. आणि तो मोडला की तुला एकदम तीन कामं पडतात. जुना बेत सोडायचा, नवा डोक्यात धरायचा, आणि आलेला राग आवरायचा. ही तिन्ही कामं मेंदूचा पुढचा भागच करतो. तुझ्याकडे तिथे रसायनांचा पुरवठा मुळातच बेभरवशाचा आहे. मग सगळंच एकदम बंद पडतं."

यामिनीने चहाचा कप तसाच धरून ठेवला होता. "म्हणजे मी नाटक करत नाही?"

"नाही."

घरी येऊन तिने हे आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," आणि बातम्या लावल्या.

गोळ्यांनी फरक पडला, पण मोडलेल्या बेतापुढे गोळ्याही कमी पडायच्या. मग तीन वर्षांनी 'सावर' आलं.

वाटाण्याएवढं यंत्र. कानाच्या बाहेरच्या खळग्यात ते बसवायचं. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणारी जी लांब नस आहे, तिची एक बारीक फांदी नेमकी तिथे कातडीखाली येते. त्या फांदीला विजेचा अगदी हलका स्पर्श झाला की धडधड उतरते, श्वास लांब होतो, आणि मेंदूचा पुढचा भाग पुन्हा कामाला येतो. एवढं तर डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. 'सावर'मधलं नवं काय, तर ते नाडीवरून आणि कातडीच्या ओलाव्यावरून बेत मोडल्याचा क्षण ओळखायचं, तत्क्षणी त्या नसेला चुचकारायचं, आणि मग कानात हळूच एकच गोष्ट सांगायचं. सगळा नवा बेत नाही, फक्त पुढचं पाऊल. 'मोजा घाल.' तो घातला की, 'चपला.'

यामिनी केळीची रोपं तयार करणाऱ्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत होती. कंदातला नखाएवढा कोंब जंतुविरहित बाटलीत वाढवायचा, त्याचे फुटवे सुरीने वेगळे करायचे, पुन्हा नव्या बाटलीत लावायचे. काचेच्या कपाटात हात घालून, दिव्याच्या ज्योतीशेजारी, श्वासही जपून घ्यायचा. या कामात ती अशी गढून जायची की जेवणाची सुट्टी झाल्याचं तिला खांद्याला हात लावून सांगावं लागे. पण बाटल्या निर्जंतुक करणारं यंत्र बंद पडलं आणि ठरलेलं काम बदललं, की तीच यामिनी संडासात जाऊन कडी लावून बसे.

'सावर' बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात ते यंत्र बंद पडलं. सुपरवायझर मिलिंद नेहेते सवयीने तिच्याकडे चोरून बघत होता. यामिनीच्या छातीत नेहमीसारखीच कळ उठली. मग कानाजवळ मुंगी चालल्यासारखं झालं. कल्लोळ थांबला नाही, पण जणू शेजारच्या खोलीत गेला. 'हातमोजे काढ,' आवाज म्हणाला. तिने काढले. 'रोपवाटिकेत जा.' ती गेली. दुपारपर्यंत तिने ट्रेमधली सगळी रोपं मोजून लावून टाकली.

त्या दिवशी घरी येताना ती स्कूटरवर मोठमोठ्याने गात आली. आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला. आता माणसासारखं वागशील."

बोलण्यात त्यांच्या मायाच होती. तरी ते वाक्य तिला रात्रभर टोचत राहिलं.

दीड वर्षाने शहरात 'मेळ' सुरू झाला.

डोकं लढवून बनवलेली व्यवस्था होती, असं सगळेच म्हणायचे. दवाखान्यातल्या वेळा, कामाच्या शिफ्ट, शाळेच्या गाड्या, सामायिक रिक्षा, गॅसचा सिलिंडर, सगळं एका जाळ्यात. कुठे काही बिघडलं, एखादा डॉक्टर आला नाही, रस्ता बंद झाला, की 'मेळ' कुणाची तरी वेळ पुढेमागे करून बाकीच्यांचा दिवस शाबूत ठेवायचा. कुणाची वेळ हलवायची? पूर्वी ज्याची ओळख नाही त्याची हलायची. आता हिशेब शास्त्रशुद्ध होता. बहुतेकांच्या मनगटावर पट्टी होती, काहींच्या कानात 'सावर'. बेत मोडल्यावर माणूस किती अस्वस्थ होतो आणि पुन्हा ठिकाणावर यायला किती वेळ घेतो, हे त्यातून कळायचं. सगळ्या शहराचा मिळून त्रास कमीत कमी व्हावा, एवढंच 'मेळ'ला सांगितलेलं होतं. साहजिकच तो अशा माणसाला हलवायचा, जो लवकर सावरतो.

शहर खूश होतं. आप्पा तर फारच. "चाळीस वर्षांपूर्वी हे हवं होतं," ते म्हणायचे. "माझ्या कानाचे पडदे वाचले असते."

यामिनीचा दात दुखत होता, त्याची वेळ तीनदा पुढे गेली. सकाळची शिफ्ट दुपारची झाली, दुपारची पुन्हा सकाळची. शाळेतल्या मैत्रिणी तोरणमाळला जाणार होत्या. त्या गेल्या आणि यामिनीची जागा पुढच्या गाडीत पडली, जी गाडी त्या परत आल्यावर निघणार होती. दर वेळी मुंगी चालायची, दर वेळी आवाज पुढचं पाऊल सांगायचा, आणि ती ते उचलायची. फक्त संध्याकाळी घरी आली की ती स्वयंपाकघरात उभी राहायची आणि कुकरला शिट्टी लावायची की नाही, हे तिला ठरवता यायचं नाही. पुस्तक उघडलं तर अक्षरं दिसायची, वाक्य लागायचं नाही. वय झालं असेल, असं ती स्वतःला म्हणायची. ती पस्तीस वर्षांची होती.

एके दिवशी तिने मिलिंदला सहज विचारलं, "दर वेळी माझीच शिफ्ट कशी रे बदलते?"

मिलिंद मनाने वाईट नव्हता. त्याने कौतुकानेच सांगितलं. "अगं, तू सोयीची आहेस ना. दुसऱ्या कुणाला हलवलं की माझ्या स्क्रीनवर लाल होतं. सोनवणेला हलवलं तर तो दोन दिवस तणतणतो. तुझं नाव टाकलं की सगळं हिरवंगार. मी तर हल्ली बघतसुद्धा नाही, 'हो' दाबून टाकतो. आणि फक्त इथंच नाही, गावभर तसंच असणार. तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून 'मेळ' चालतोय, यामिनी."

ती हसली. कानाजवळ मुंगी चालली. 'पाणी पी,' आवाज म्हणाला, आणि ती पाणी प्यायली. त्या घोटासोबत पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की आत्ता तिला पाणी प्यायचं नव्हतं. तिला मिलिंदवर ओरडायचं होतं.

ती डॉक्टर निलोफरकडे गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि चहा न सांगताच बोलायला लागल्या, यावरूनच त्या किती भडकल्या होत्या ते कळलं.

"हे मी तुझ्यासाठी दिलं होतं. त्यांच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "'सावर' काय मोजतं? तुझी नाडी, तुझी कातडी. ती शांत झाली की हिशेबात तू बरी झालीस. पण तुझा बेत तर मोडलेलाच असतो ना? तो पुन्हा बांधायला तुझी ताकद लागतेच. दिवसातून एकदा सावरायला मदत म्हणून हे यंत्र आहे. दिवसातून आठदा मोडायची परवानगी म्हणून नाही."

"मग संध्याकाळी मला काही सुचत नाही, ते?"

"उरतच नाही काही सुचायला. सगळं वापरून झालेलं असतं."

"मी जोडणी तोडू शकते?"

"शकतेस. पण मग तू 'मेळ'मध्ये राहणार नाहीस. दवाखाना, शिफ्ट, रिक्षा, सगळ्यासाठी जुन्यासारखं रांगेत उभं राहायचं." डॉक्टरांनी तिची फाइल मिटली. "आणि आप्पांचा डोळा?"

तिथेच घोडं अडलं होतं. आप्पांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढून त्यातून पाणी झिरपत होतं. त्यावर उपाय म्हणजे थेट डोळ्यात इंजेक्शन, ठरावीक अंतराने, चुकवायचं नाही. मधे खंड पडला तर गेलेली नजर परत येत नाही. आप्पांनी मनगटाला पट्टी बांधायला साफ नकार दिला होता, त्यामुळे घराचा आकडा म्हणून 'मेळ'ने सोबत येणाऱ्या मुलीचा आकडा धरला होता. आणि त्या मुलीचा आकडा हिरवागार होता. आप्पांची तारीख आत्तापर्यंत दोनदा हलली होती.

"खिडकीचे गज वाकडे दिसून राहिले गं यामू," आप्पा त्या आठवड्यात म्हणाले. अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "कुणी वाकवले की काय, म्हणून हात लावून बघितला. सरळ आहेत."

पुढच्या तारखेला ती दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात वेळेआधीच पोचली. यामिनीने हा दिवस चार दिवसांपासून बांधला होता. रजा, आप्पांचं जेवण, थेंब, काळा चष्मा, परत येतानाची रिक्षा. हॉल माणसांनी भरलेला होता. समोरच्या मोठ्या पडद्यावर नावं सरकत होती. आप्पा तिसरे होते.

मग नावं थरथरली आणि पुन्हा जुळली. आप्पांचं नाव तिथे नव्हतं.

समन्वयाच्या टेबलाशी रुख्साना तडवी नावाच्या बाई बसत. थकलेल्या, पण चेहरा हसरा ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "ताई, एक सर्जन अचानक रजेवर गेलेत. काही पेशंट पुढे ढकलावे लागले. तुम्हाला तेरा दिवसांनंतरची तारीख मिळालीय. तुम्ही समजून घेताच नेहमी."

कानाजवळ मुंगी चालली. 'पिशवी उचल,' आवाज म्हणाला.

यामिनीने पिशवी उचलली. आप्पा तिच्याकडे बघत उठायला लागले. डावा हात पुढे करून, खुर्चीची पाठ चाचपडत. चाळीस वर्षं एसटीच्या पाट्या दुरून वाचणारा माणूस हाताच्या अंतरावरची खुर्ची चाचपडत होता. 'दाराकडे चल,' आवाज म्हणाला.

तिने कानात बोट घालून 'सावर' काढलं आणि टेबलावर ठेवलं.

पुढे काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर तिने तेच लपवलं होतं, गाडीच्या काचा वर करून, संडासाची कडी लावून. ते आलं. आधी हात गार पडले, मग कानात घुं घुं सुरू झालं, मग 'सावर' बसवल्यापासून दर वेळी शेजारच्या खोलीत ढकललेलं सगळं दार तोडून आलं. ती ओरडली. नेमकं काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. "नाही" हा शब्द त्यात पुष्कळदा होता. ती रडत होती, शेंबूड ओठावर आला होता, शब्द एकमेकांवर आदळत होते, हातातली पिशवी खाली पडून डबा घरंगळत गेला. अख्खा हॉल वळून बघत होता. कुणीतरी मोबाईल वर धरला.

"ताई, शांत व्हा," तडवीबाई उभ्या राहिल्या. "ते यंत्र घाला ना कानात."

"नाही घालणार! बघा! हे असं होतं मला! दर वेळी! तुम्हाला दिसत नव्हतं एवढंच! आता दिसतंय ना? लिहून घेऊ द्या तुमच्या 'मेळ'ला!"

तिला आप्पांकडे बघायचा धीर होत नव्हता. ते आता दंडाला धरून बाहेर नेतील, पेशंटांना सांगतील की पोरीला ताप आहे. दंडाला हात लागलाही. पण तो ओढत नव्हता. आप्पांनी चाचपडत एक खुर्ची टेबलासमोर आणली आणि तिच्यावर बसले, अगदी रस्ता अडवून.

"बाई," ते तडवीबाईंना म्हणाले, "मी पण आयुष्यभर त्या बाजूलाच बसलो. समोरचा ओरडला की वाटायचं, किती आततायी माणूस आहे. जो गुपचूप परत गेला त्याचं काही नुकसानच झालं नाही, असं धरून चालायचो." त्यांनी यामिनीच्या दिशेने मान वळवली. नजर जराशी बाजूला पडली. "ओरड तू. आपल्याला कुठं जायची घाई नाही."

यामिनी खाली फरशीवर बसली. आप्पांच्या गुडघ्याला टेकून तिने रडून घेतलं. कुणी पुढचं पाऊल सांगत नव्हतं, आणि पुढचं पाऊल नव्हतंही.

पडद्यावरची नावं पुन्हा थरथरली. 'सावर'कडून शांत झाल्याची खूण आलीच नव्हती, म्हणून सोबत आलेल्या मुलीचा आकडा आता लाल झाला होता. पुंडलिक भारंबे पुन्हा तिसरे झाले. चौथ्या जागेवरून सुपडाबाई कोळी हे नाव गळलं. भिंतीजवळच्या बाकावर एक म्हातारी एकटीच बसली होती. मनगटावरच्या पट्टीकडे बघून ती पदर सावरत उठली.

"झालं बघा, ताई," तडवीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "तुमचं काम झालं."

यामिनी फरशीवरून उठली. डोकं अजून घुमत होतं. "आजी, बसा," ती म्हणाली. "याआधी किती वेळा पुढे ढकललं तुम्हाला?"

म्हातारीने आठवून बघितलं. "चारदा आसंन. यावलहून येते मी. आल्यावर सांगतात. चालायचंच."

"नाही चालायचं." यामिनी हॉलकडे वळली. तिचा आवाज फाटलेला होता आणि चेहरा बघण्यासारखा नव्हता. "इथं कोणी आहे का, ज्याची तारीख आजवर एकदाही हलली नाही?"

मग कोपऱ्यातून एक टापटीप गृहस्थ उठले. विजय कुळकर्णी म्हणून कुणी निवृत्त बँक अधिकारी होते.

"माझी नाही हलली," ते ओशाळून म्हणाले. "सातव्यांदा आलोय. मी तर सगळ्यांना सांगतो, हा दवाखाना वेळेचा अगदी पक्का आहे."

"कारण तुमचं वेळापत्रक या आजी आणि आम्ही पाळतोय," यामिनी म्हणाली.

कुळकर्णी हळूच खाली बसले. एक बाई म्हणाल्या, "आमचा काय दोष? आम्ही थोडंच सांगितलं यंत्राला?" दुसरा कुणी म्हणाला, "यांचं ऐकलं तर रोज कुणीतरी येऊन गोंधळ घालेल." हॉलमध्ये बाचाबाची सुरू झाली. तो गलका ऐकून आतल्या डोळ्यांच्या डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, डोक्यावर हिरवी टोपी, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढलेला. तडवीबाईंनी त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग टेबलावरच्या संगणकात एकेकाच्या डोळ्याचा फोटो उघडायला लागल्या. सुपडाबाईंचा बघितला. आप्पांचा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"यांना दोनदा पुढे ढकललं? कुणी?"

तडवीबाईंनी पडद्याकडे बोट केलं. कुणी ढकललंच नव्हतं.

"आज ज्याचा डोळा थांबू शकत नाही, तो आधी," डॉक्टर म्हणाल्या. "मी बघून ठरवते. आणि तो पडदा बंद करा."

कुळकर्णींचा डोळा थांबू शकत होता. ते जाताना आप्पांपाशी थांबले आणि खांद्याला हात लावून गेले. ज्या बाईंनी दोष विचारला होता त्यांनाही दुसरी तारीख मिळाली. त्या यामिनीकडे जळजळीत नजरेने बघत गेल्या. यामिनीने मान खाली घातली नाही.

आप्पांचे गज पुरते सरळ झाले नाहीत. थोडा बाक राहिला तो राहिलाच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधी इंजेक्शन मिळालं असतं तर डोळा पुरता वाचला असता.

यामिनीने 'मेळ'शी जोडणी तोडली. 'सावर' तिने फेकून दिलं नाही. हवं तेव्हा, स्वतः ठरवून ती ते कानात घालायची, पण त्यातला आकडा आता कुणाला जात नव्हता. हे स्वस्तात पडलं नाही. रिक्षा मिळेना, सिलिंडरला ताटकळावं लागे, आणि प्रयोगशाळेत ज्या बढतीवर तिचं नाव होतं तिथे सोनवणे बसला. हॉलमधला कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ गावभर फिरला. निम्म्या लोकांनी तिला वेडी ठरवलं. पण जळगावात 'सावर' घालणारी आणखी शेकडो माणसं होती, आणि ती सगळीच सोयीची होती. डॉक्टर निलोफरकडे त्यांची रीघ लागली. एकेकाने जोडणी तोडली. हिरवी नावं संपत गेली तसा 'मेळ' कुरकुरायला लागला. शहर थोडं उशिरा चालायला लागलं. ज्यांनी कधी वाट पाहिली नव्हती ते खुर्च्यांवर चुळबुळत बसू लागले आणि पेपरात तक्रारी लिहू लागले. शेवटी महानगरपालिकेला एक साधा नियम घालावा लागला, की एकदा हलवलेल्या माणसाला त्याला विचारल्याशिवाय पुन्हा हलवायचं नाही.

घरात मात्र बेत मोडायचे ते मोडतच राहिले. एका रविवारी पाहुणे येणार म्हणून यामिनीने सकाळपासून सगळं मांडलं, आणि ऐन वेळी त्यांचा फोन आला, येत नाही. ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली. आप्पा दारात आले. पुढच्या गाडीचं वगैरे त्यांनी काही काढलं नाही. पिठाचा डबा बाजूला सरकवून ते हळूच तिच्याशेजारी खाली बसले, गुडघे कुरकुरले तरी.

"किती वेळ लागतो गं?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आप्पा."

"बरं," ते म्हणाले, आणि बसून राहिले.

सोमवारी प्रयोगशाळेत ती काचेच्या कपाटात हात घालून फुटवे वेगळे करत होती. मागे कुणीतरी घसा खाकरला. मिलिंद होता. हल्ली त्याला स्क्रीनवर 'हो' दाबता येत नव्हतं, स्वतःच्या पायांनी चालत यावं लागत होतं.

"यामिनी, उद्या दुपारच्या शिफ्टला येशील का? सोनवणेला बाहेर जायचंय."

तिने सुरी ज्योतीवर धरली. उद्याचा दिवस तिने बांधलेला होता. त्यात फार मोठं काही नव्हतं, दुपारी दात दाखवायचा आणि संध्याकाळी पुस्तक वाचायचं. पूर्वी अशा वेळी ती "हो" म्हणायची आणि नंतर कोसळायची.

"नाही," ती म्हणाली.

पुढे काही कारण येईल, असं मिलिंदला वाटलं असावं. यामिनीने कारण दिलं नाही. तिचे हात थरथरत होते. थरथरत्या हाताने कोंब कापायचा नसतो. तिने सुरी खाली ठेवली, हात मांडीवर घेतले, आणि मिलिंद दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जात असताना, ते थांबायला लागेल तेवढा वेळ तिने घेतला.